केसाहून बारीक नळीत प्रकाशाचा मुक्काम

लहानपणी तुमच्यापैकी पुष्कळांनी एक प्रयोग केला असेल. कौलातून जमिनीवर पडलेल्या कवडशात हात धरायचा, मूठ चटकन मिटायची आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन हळूच उघडायची. मुठीत ऊन शिल्लक नसते! पाणी घागरीत राहते, धान्य कणगीत राहते, वीजसुद्धा रासायनिक रूपाने बॅटरीत साठवता येते. मग प्रकाशच का साठवता येऊ नये?

थोडा विचार केला, तर एक युक्ती सुचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तितकीच उंच पेटी घ्यावी, तिला आतून उत्तम आरसे लावावेत आणि आत प्रकाश सोडून झाकण लावावे. आरसे असे, की पडलेल्या हजार भागांपैकी नऊशे नव्याण्णव भाग प्रकाश ते परत फेकतात. आता हिशेब करू. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे एका सेकंदात तो या भिंतीवरून त्या भिंतीवर तीस कोटी वेळा जाईल आणि प्रत्येक धडकेत हजारातला एक भाग गमावील. एक हजार धडकांनंतर मूळ प्रकाशाचा जेमतेम ३७ टक्के भाग उरेल. या हजार धडकांना वेळ किती लागेल? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वातीनपट! तुमचे झाकण लावून होण्यापूर्वीच पेटीत अंधार झालेला असेल.

तेव्हा प्रकाशाला कोंडून ठेवणे काही खरे नाही. पण मग शास्त्रज्ञ प्रकाश साठवतात असे आपण वाचतो, ते कसे? आणि मुळात तो साठवायचा तरी कशासाठी? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू.

वाटेत हरवणारे प्रकाशकण

आजचे दूरध्वनी आणि इंटरनेट यांचे संदेश प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तंतूंतून धावतात. या काचतंतूची करामत समजण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा आणि अंधाऱ्या खोलीत भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने विजेरीचा झोत टाका. भोकातून पडणारी पाण्याची धार वाकते आणि तिच्यासोबत प्रकाशही वाकलेला दिसतो. धारेखाली हात धरला, तर तळहातावर उजेडाचा ठिपका पडतो. पाण्यातला प्रकाश हवेच्या सीमेवर फार तिरपा आदळला, की तो बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. काचतंतूचा गाभा त्याच्या बाहेरच्या थरापेक्षा किंचित अधिक अपवर्तनांकाचा असतो, म्हणून प्रकाश गाभ्यातच राहतो.

परंतु काच कितीही स्वच्छ केली, तरी थोडा प्रकाश वाटेत नाहीसा होतोच. उत्तम काचतंतूत दर १०० किलोमीटरला प्रकाश शंभरपट क्षीण होतो. २०० किलोमीटरला दहा हजारपट. मुंबई ते नागपूर हे सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर धरले, तर एक कोटी गुणिले एक कोटी एवढ्या प्रकाशकणांपैकी, म्हणजेच फोटॉनांपैकी, एकच पलीकडे पोचेल. मुंबईहून दर सेकंदाला शंभर कोटी फोटॉन एकेक करून सोडत राहिलो, तरी नागपूरला एक फोटॉन पोचायला सरासरी एक दिवस आणि चार तास लागतील!

तुम्ही विचाराल, मग आपले फोन कसे चालतात? त्यांच्यासाठी वाटेत ठिकठिकाणी वर्धक बसवलेले असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्रतळावरच्या केबलींतही ते असतात. क्षीण झालेला प्रकाश ते पुन्हा जोरदार करतात. एका फोटॉनाच्या जागी पुष्कळ फोटॉन, असा हा मामला आहे.

क्वांटम तंत्रज्ञानात मात्र हा उपाय बंद आहे. तेथे संदेश एकेका फोटॉनावर लिहिलेला असतो, उदाहरणार्थ त्याच्या ध्रुवणाच्या दिशेत. १९८२ साली वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डीक्स यांनी, असे सिद्ध केले, की अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करणे निसर्गनियमांनुसार अशक्य आहे. फोटॉन वाचायला जावे, तर तो बदलतो, आणि न वाचता त्याची नक्कल काढता येत नाही.

ही अडचण खरी, पण तीच एक देणगीही आहे. ज्याची नक्कल होत नाही, ते चोरून वाचताही येत नाही. वाचणाऱ्याने हात लावला, की खुणा उमटतात. याच तत्त्वावर गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत चार्ल्स बेनेट आणि गिल्स ब्रासार या दोघांनी १९८४ साली मांडली. त्यांचा तो निबंध आपल्या बंगळूर शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला होता.

नक्कल करायची नाही, वर्धक वापरायचा नाही. मग लांबचा पल्ला गाठायचा कसा? याचे उत्तर फाशांच्या खेळात सापडते.

पडलेला सहा राखून ठेवा

तीन फासे घ्या. तिन्ही फाशांवर एकाच वेळी सहा पडले, की डाव जिंकला. किती वेळा फासे टाकावे लागतील? एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहातून एक. तेव्हा तिन्हींवर एकदम सहा पडण्याची शक्यता ६ × ६ × ६, म्हणजे २१६ तून एक. सरासरी २१६ फेक करावे लागतील.

आता नियम थोडा बदलू. ज्या फाशावर सहा पडला, तो बाजूला तसाच ठेवायचा आणि उरलेलेच फासे पुन्हा टाकायचे. आता सरासरी किती फेक लागतील? साडेदहा! फासे तेच, नशीब तेच. फरक एवढाच, की पडलेला सहा राखून ठेवण्याची मुभा मिळाली.

फोटॉनांचा व्यवहार असाच नशिबाचा आहे. प्रयोगशाळेत एकेकटा फोटॉन निर्माण करणारी बरीच साधने हुकमी नसतात. कधी फोटॉन मिळतो, कधी नाही. एखाद्या प्रयोगाला दहा फोटॉन एकाच क्षणी हवे असतील, तर दहा फासे एकदम सहा पडण्याची वाट पाहावी लागते. मिळालेला फोटॉन क्षणभर राखून ठेवता आला, तर बाकीचे येईपर्यंत थांबता येते.

लांबच्या संदेशवहनातही हेच. १९९८ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर या चौघांनी क्वांटम पुनरावर्तकाची कल्पना मांडली. लांबच्या मार्गाचे लहान टप्पे पाडायचे. प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांमध्ये गुंतलेल्या अवस्थेतील कणांची एक जोडी प्रस्थापित करायची, म्हणजे अशी जोडी, की जिच्यातील दोघांच्या मापनांची उत्तरे एकमेकांशी बांधलेली असतात. मग शेजारचे टप्पे एकमेकांना जोडत जायचे. एका टप्प्यात यश मिळाले आणि दुसऱ्यात नाही, तर पहिल्याचे यश टिकवून ठेवता आले पाहिजे. नाही तर सगळे फासे पुन्हा टाकावे लागतील. हे टिकवून ठेवणाऱ्या साधनाला क्वांटम स्मृती म्हणतात.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील. "सर, फोटॉन थांबवण्यासाठी काचतंतूचे मोठे भेंडोळेच का करू नये? प्रकाश त्यात फिरत राहील."

प्रश्न चांगला आहे. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. एक मिलिसेकंद थांबवायचे, तर २०० किलोमीटरचे भेंडोळे लागेल, आणि तेवढ्या अंतरात दहा हजारांतला एकच फोटॉन वाचतो हे आपण आताच पाहिले. शिवाय भेंडोळ्यातून फोटॉन ठरलेल्या वेळीच बाहेर येणार. आपल्याला तर हवा तेव्हा हवा आहे.

अणूंकडे दिलेली ठेव

आता मूळ युक्तीकडे येऊ. प्रकाशाला डांबून ठेवायचेच नाही. त्याच्याजवळचा संदेश अणूंच्या स्वाधीन करायचा आणि वेळ आली, की अणूंकडून तो पुन्हा प्रकाशाच्या रूपात परत घ्यायचा.

यासाठी रुबिडियम किंवा सिझियम हे धातू सोयीचे पडतात. सिझियम २८.५ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते घरबसल्या पातळ होईल! पण हवा आणि पाणी लागताच ते भडकते, म्हणून बंद काचपात्रात ठेवतात. पात्र किंचित तापवले, की आत सिझियमचे विरळ बाष्प पसरते.

सिझियमच्या अणूला अगदी तळाशी, एकमेकींच्या निकट अशा दोन ऊर्जापातळ्या असतात. त्यांना आपण 'पहिली पायरी' आणि 'दुसरी पायरी' म्हणू. या दोहोंतील संक्रमणाची वारंवारता सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० कंपने इतकी पक्की आहे, की १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच तिच्यावरून केली जाते. या दोन्ही पायऱ्यांवर अणू दीर्घकाळ टिकतो. त्यांच्या बऱ्याच वर एक 'माडी' आहे. तेथे मात्र अणू सेकंदाच्या सुमारे तीन कोटीव्या भागापुरताच थांबतो आणि फोटॉन कोणत्याही दिशेला फेकून देऊन खाली येतो. म्हणून संदेशाचा फोटॉन अणूने नुसता शोषला, तर तो माडीवर जातो आणि संदेश वाऱ्यावर जातो.

उपाय असा, की संदेशाच्या फोटॉनाबरोबर दुसऱ्या एका लेसरचा जोरदार झोत बाष्पात सोडायचा. याला नियंत्रक प्रकाश म्हणू. त्याची वारंवारता अशी निवडतात, की संदेशाचा फोटॉन आणि नियंत्रक फोटॉन यांच्या ऊर्जांतील फरक दोन पायऱ्यांमधील फरकाएवढा असावा. मग अणू माडीवर न रेंगाळता पहिल्या पायरीवरून थेट दुसऱ्या पायरीवर जातो. संदेशाचा फोटॉन नाहीसा होतो, नियंत्रक प्रकाशात एका फोटॉनाची भर पडते आणि उरलेली ऊर्जा अणूकडे राहते. तेवढ्यात नियंत्रक प्रकाश बंद करायचा. झाली ठेव जमा!

पण कोणत्या अणूकडे? येथेच गंमत आहे. फोटॉन एकच आणि अणू असंख्य. त्यांतल्या कोणत्या अणूने तो घेतला हे कोणालाही सांगता येत नाही. पुंजयामिकी सांगते, की ती ठेव सर्व अणूंच्या नावावर मिळून जमा होते. प्रत्येक अणूचा थोडा वाटा, आणि शेजारच्या अणूंच्या वाट्यांमध्ये एक ठरलेली लय.

शाळेतले लेझीमपथक आठवा. पन्नास मुले एका रांगेत उभी आहेत. ढोलकीच्या ठेक्यावर पहिला मुलगा वाकतो, मग दुसरा, मग तिसरा, अशी एक लाट रांगेतून सरकत जाते. अचानक ढोलकी थांबते. प्रत्येक मुलगा आहे त्याच पवित्र्यात स्तब्ध उभा राहतो. लाट थांबली, पण तिचा आकार रांगेत तसाच आहे. ढोलकी पुन्हा वाजू लागली, की लाट थांबली होती तेथून, त्याच दिशेने पुढे निघते. आपल्या प्रयोगात मुले म्हणजे अणू आणि ढोलकी म्हणजे नियंत्रक प्रकाश. तो पुन्हा सुरू केला, की सर्व अणू लयीत आपापला वाटा परत देतात आणि फोटॉन मूळच्या दिशेने बाहेर पडतो. मात्र मधल्या वेळात मुले चुळबुळ करू लागली, जागा बदलू लागली, तर लाटेचा आकार बिघडतो. मग ढोलकी कितीही वाजवा, उपयोग नाही. क्वांटम स्मृतीचा खरा शत्रू ही चुळबुळ होय.

या वाटेवरचे काही टप्पे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एका प्रकाशाच्या साहाय्याने अपारदर्शक बाष्प दुसऱ्या प्रकाशाला पारदर्शक करता येते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली स्ट्राँशियमच्या बाष्पात दाखवले. १९९९ साली लेने हाऊ या डॅनिश शास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेत अतिशीत सोडियमच्या अणूंमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटरवर आणला. आपली एस. टी. गाडी त्याला सहज गाठील! २००१ साली हाऊ यांच्या गटाने थंड सोडियममध्ये, आणि हार्वर्ड येथील दुसऱ्या एका गटाने ७० ते ९० अंश तापमानाच्या रुबिडियम बाष्पात, प्रकाशाचा स्पंद थांबवून पुन्हा सोडून दाखवला. बाष्पातील तो मुक्काम अर्ध्या मिलिसेकंदापर्यंतचा होता.

बाष्प तंतूत कशाला?

काचपात्रात हे साधले, तर तंतूत शिरण्याचा खटाटोप कशासाठी? बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आठवा. ऊन एका बारीक ठिपक्यात एकवटते तेथेच कागद पेटतो. भिंग थोडे पुढे-मागे केले, की ठिपका पसरतो आणि तेज कमी होते. लेसरचेही तसेच. सिझियमला चालणारा ८५२ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत भिंगाने २० मायक्रॉन व्यासाइतका बारीक केला, तर तो जेमतेम पाऊण मिलिमीटर अंतर बारीक राहतो आणि पुढे पसरतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो.) फोटॉन आणि अणू यांची गाठ पक्की पडावी, म्हणून झोत बारीक हवा, आणि पुष्कळ अणूंशी गाठ पडावी, म्हणून तो लांबवर बारीक हवा. मोकळ्या जागेत या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या होत नाहीत. त्या पुऱ्या करते ती नळी. बारीक नळीत प्रकाश आणि अणू दोघांनाही कोंडले, की ते कित्येक सेंटिमीटर एकमेकांची सोबत सोडू शकत नाहीत. मग नियंत्रक प्रकाशही पुष्कळ कमी शक्तीचा पुरतो.

पण एक पेच उरतो. बाष्प भरायचे, तर तंतू पोकळ हवा. पोकळीचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी; तेव्हा पूर्ण आंतरिक परावर्तन होणार नाही आणि प्रकाश काचेत निसटेल. हा पेच फिलिप रसेल यांच्या १९९१ सालच्या कल्पनेने सुटला. पोकळ गाभ्याभोवती काचेमध्ये बारीक भोकांची नियमित जाळी रचायची. जाळीच्या असंख्य भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींशी अशा मिसळतात, की ठराविक रंगांच्या प्रकाशाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा पोकळ तंतूतून प्रकाश नेऊन दाखवणारा प्रयोग इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केला. या जाळीच्या एका प्रकाराला 'कागोमे' म्हणतात. जपानी बुरूड बांबूच्या टोपल्या ज्या विणीने विणतात, तिचे हे नाव आहे.

२००६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पोकळ तंतूत रुबिडियमचे बाष्प आणून, अगदी क्षीण प्रकाशानेही त्याला पारदर्शक करता येते हे दाखवले गेले. आणि २०१४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील इयन वॉम्स्ली यांच्या गटाने कागोमे जाळीच्या तंतूत सिझियमचे बाष्प भरून, एका फोटॉनाएवढ्या क्षीण प्रकाशाचे स्पंद त्यात साठवले. गाभ्याचा व्यास होता सुमारे २६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. सुमारे २७ टक्के प्रकाश परत मिळाला आणि स्मृती निदान ३० नॅनोसेकंद टिकली.

या प्रयोगाशी भारताचा एक जुना धागा जुळलेला आहे. फोटॉनाने आपल्या ऊर्जेचा काही भाग पदार्थाला देऊन बदललेल्या रंगाने बाहेर पडावे, ही घटना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केली. तोच रामन परिणाम. त्याच्या स्मरणार्थ आपण विज्ञान दिन साजरा करतो. ऑक्सफर्डची स्मृती याच तत्त्वावर चालते, म्हणून तिला रामन स्मृती असेच म्हणतात.

तीस नॅनोसेकंद म्हणजे किती?

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या वेळात प्रकाश तुमच्या फूटपट्टीएवढे अंतर कापतो. तीस नॅनोसेकंद म्हणजे तीस फूटपट्ट्या! तुम्हाला हसू येईल. इतका अल्प मुक्काम का?

याचे उत्तर नववीच्या गणितानेही काढता येते. साध्या तापमानाला सिझियमचा अणू सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने धावत असतो. २६ मायक्रॉन रुंदीची नळी आरपार ओलांडायला त्याला वेळ लागेल:

०.००००२६ मीटर ÷ २४० मीटर प्रति सेकंद = सुमारे १०८ नॅनोसेकंद.

नळीच्या मध्यावर असलेला अणू याच्या निम्म्या वेळातच भिंतीवर आदळतो, आणि आदळताक्षणी आपल्या वाट्याची लय विसरतो. पाहा, ज्या अरुंदपणामुळे प्रकाश आणि अणू यांची गाठ पक्की झाली, त्याच अरुंदपणाने मुक्काम तोकडा केला. निसर्ग एका हाताने देतो, त्याची किंमत दुसऱ्या हाताने वसूल करतो. अशा देवाणघेवाणीचा नेमका हिशेब मांडणे, हेच संशोधकाचे काम असते.

तरीही हा अल्प मुक्काम वाया जात नाही. त्या प्रयोगातील प्रकाशाचे स्पंद एका नॅनोसेकंदाहूनही लहान होते. स्पंदाच्या लांबीच्या मानाने पाहिले, तर मुक्काम पुष्कळ मोठा आहे. प्रयोगशाळेतले फोटॉन एका वेळी जुळवून आणण्यासाठी, म्हणजे आपल्या फाशांच्या खेळासाठी, एवढी सवड मोलाची ठरते. गावोगावच्या जाळ्यासाठी मात्र ती पुरत नाही. १०० किलोमीटरच्या टप्प्यात यशाची नुसती वार्ता पोचायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो. तोवर स्मृती जागी राहायला हवी.

म्हणून निरनिराळे प्रयत्न चालू आहेत. काही ठिकाणी लेसरने अणू अतिशय थंड करून, त्यांचा वेग कमी करून मग ते पोकळ तंतूत उतरवतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथे २०२० साली अशा थंड रुबिडियम अणूंमध्ये, तंतूच्या आतच, एका फोटॉनाच्या पातळीवरची स्मृती सिद्ध झाली. दुसरी अडचण भरण्याची. लांब, अरुंद नळीच्या टोकातून अणू आत शिरताना भिंतींना चिकटत राहतात. नळी भरायला आठवडे, कधी महिनेही लागतात. यावर बर्लिन आणि येना येथील संशोधकांनी 'प्रकाशाचा पिंजरा' तयार केला. पोकळीभोवती बंद भिंतीऐवजी सूक्ष्म छपाईने उभारलेले बारीक गज असतात. प्रकाश गजांच्या मधून निसटत नाही, पण अणू बाजूने सहज आत येतात. त्यामुळे भरण्याचे काम काही दिवसांवर आले. अशा पिंजऱ्यात सिझियम बाष्प आणि प्रकाश यांची गाठ घालून दिल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यात प्रकाश साठवूनही दाखवण्यात आला.

तिसरी अडचण रंगाची. सिझियमला ८५२ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, तर लांबच्या काचतंतूंत १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वांत कमी क्षीण होतो. तेव्हा मध्ये फोटॉनाचा रंग बदलणारे साधन बसवावे लागते, आणि तेही संदेश न बिघडवता.

मुक्कामाच्या वेळात स्फटिक मात्र पुष्कळ पुढे आहेत. डार्मस्टाट येथेच २०१३ साली एका स्फटिकात प्रकाश एक मिनिटभर साठवला गेला, आणि २०२१ साली चीनमधील हफेई येथे युरोपियम मिसळलेल्या स्फटिकात तो एक तास राहिला. पण त्यासाठी स्फटिक अतिशय थंड ठेवावे लागतात. साध्या तापमानाच्या आसपास चालणारी, तळहातावर मावणारी आणि तंतूंना सरळ जोडता येणारी स्मृती हवी, तर बाष्पाने भरलेली नळी आकर्षक वाटते. म्हणून दोन्ही वाटांनी काम चालू आहे.

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित क्वांटम संदेशवहन आणि क्वांटम स्मृती असलेले जाळे ही त्याच्या उद्दिष्टांपैकी दोन आहेत. आज जे विद्यार्थी आठवी-नववीत आहेत, त्यांच्यातले कोणी उद्या या कामाला हातभार लावतील.

लहानपणच्या त्या मुठीत ऊन का राहिले नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. प्रकाश थांबत नाही. पण त्याने आणलेला निरोप अणूंनी एकमेकांच्या लयीने सांभाळला, तर तो क्षणभर ठेवता येतो आणि मागितला की परत मिळतो.

करून पाहा

१. तीन फासे घेऊन दुसऱ्या नियमाने, म्हणजे सहा राखून ठेवत, वीस डाव खेळा. प्रत्येक डावाला किती फेक लागले ते लिहून सरासरी काढा. ती साडेदहाच्या जवळ येते का? वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र केल्यावर ती आणखी जवळ येते का?

२. नळीच्या गाभ्याचा व्यास २६ ऐवजी ५२ मायक्रॉन केला, तर अणूला आरपार जायला किती वेळ लागेल? मुक्काम वाढेल, पण त्याच्या बदल्यात काय गमवावे लागेल?

३. मैदानावर लेझमीची लाट थांबवण्याचा खेळ खेळून पाहा. एकदा सर्वांनी अगदी स्तब्ध राहावे. दुसऱ्यांदा थांबलेल्या वेळात चार-पाच मुलांनी जागा बदलाव्यात. ढोलकी पुन्हा सुरू झाल्यावर लाटेचे काय होते, ते पाहा आणि कारण आपल्या शब्दांत लिहा.